खांद्यांनी हसणारी माणसं

खिळ्यांच्या कारखान्यात हसू ऐकू येत नाही, दिसतं.

एका पत्र्याखाली अठ्ठावीस यंत्रं. एका टोकाने तार गिळायची, दुसऱ्या टोकाने खिळे ओकायचे, आणि मधे ठोका. सारखा ठोका. नव्या माणसाला पहिल्या दिवशी वाटतं, आपल्याच कवटीत कोणीतरी खिळे ठोकतंय. महिना गेला की उलटं होतं. फाटकाबाहेर पाऊल टाकलं की बाहेरचं जगच मुकं वाटायला लागतं. कानांत रबरी बोळे घालून माणसं दिवसभर उभी असतात. बोलायचं ते ओठांनी आणि हातांनी. हसायचं ते खांद्यांनी. घशातून आवाज काढायचा तरी कोणासाठी? शेजाऱ्याला ऐकू जात नाही, स्वतःलाही जात नाही. दोन-चार वर्षांत तो आवाज आपोआप गळून पडतो, न वापरलेल्या वाटेवर गवत माजावं तसा घसा बुजतो, आणि माणूस घरीसुद्धा मुक्यानेच हसायला लागतो.

पण खांदे ज्याचे त्याचे वेगळे. तेलवाल्याचा एकटा उजवा खांदा उडायचा, जणू त्यावरची माशी हाकलतोय. वजनकाट्यावरची बाई खांदे कानांपर्यंत आवळून धरायची आणि मग एकदम सोडून द्यायची. पॅकिंगमधल्या दोघी जावा एकमेकींवर रेलून हसायच्या, तेव्हा कोणाचं हसू कोणाच्या अंगात शिरलंय ते कळायचं नाही. एकाचे खांदे हलले की समोरच्याचे हलत, मग त्याच्या शेजारच्याचे. काय झालं, कोण काय म्हणालं, कोणालाच ठाऊक नसे. उभ्या पिकातून वारं जावं तसं हसू रांगेतून जायचं, आणि शेवटच्या यंत्राशी जाऊन थांबायचं.

लेक निवडीच्या टेबलाशी बसायची. यंत्रावरून खिळ्यांचे ट्रे यायचे. त्यातले वाकडे, बोथट, बिनडोक्याचे खिळे वेचून बाजूच्या भंगाराच्या डब्यात टाकायचे, हे तिचं काम. कारखान्यात तिला कोणी नावाने हाक मारत नसे. ती भोंग्याची लेक.

भोंगा म्हणजे तिचे वडील. सात नंबरच्या यंत्रावर एकतीस वर्षं उभा राहिलेला माणूस. हे टोपणनाव का पडलं ते आता दोघा-तिघांनाच माहीत होतं. तरणेपणी ते जेव्हा इथे लागले, तेव्हा त्यांचं हसू असं काही मोठं होतं म्हणे, की यंत्रं चालू असताना फाटकावरच्या पहारेकऱ्याला ऐकू जायचं. लेक त्यावर विश्वास ठेवायची, पण तिने ते हसू कधी ऐकलं नव्हतं. तिच्या आठवणीतले वडील खांद्यांनीच हसणारे. दोन्ही खांदे एकदम, हळू, पाळणा हलवल्यासारखे. लहानपणी ती त्या खांद्यांवर बसलेली असायची आणि ते हसले की तिला झोका मिळायचा.

तिच्या टेबलापासून सात नंबर वीस पावलांवर. मधे जमिनीवर पिवळी रेघ. निवडीच्या बायकांनी ती ओलांडायची नाही, यंत्रवाल्यांनी अलीकडे यायचं नाही, असा नियम. त्या रेघेपलीकडे एका दुपारी वडिलांचे खांदे हलले.

लेकीने पाहिलं आणि तिचेही हलले. नेहमीसारखे. विचारबिचार काही नाही. तेलवाला हसला, काट्यावरची बाई हसली, दोघी जावा एकमेकींवर रेलल्या. हसू शेवटच्या यंत्रापर्यंत गेलं आणि विझलं. वडिलांचं मात्र विझलं नाही. आणखी थोडा वेळ चाललं, मग मधेच कापल्यासारखं बंद पडलं. संध्याकाळी तिने विचारलं, दुपारी एवढं कशाला हसलात? ते म्हणाले, कधी? तिला वाटलं, काहीतरी पुरुषांमधली चावट गोष्ट असेल, सांगत नसतील.

तिसऱ्या दिवशी परत. मग रोज. घरी तिने आईला सांगितलं, बाबा हल्ली कामावर फार हसतात. आई भाकरी थापता थापता नाक मुरडून म्हणाली, बरंय, तिथे तरी हसतोय, माझ्यासमोर तर तोंड शिवून बसतो. पण त्या बोलण्यात राग कमी आणि आनंद जास्त होता. त्या दिवसापासून आई रोज डब्यात काहीतरी गोड घालायला लागली.

ज्याने पहिल्यांदा वेगळं पाहिलं तो नवा फिटर. दुसऱ्या गावाहून, शांत कामावरून आलेला. त्याला खांद्यांचं हसू वाचता येत नव्हतं, आणि त्याचं हसू इथे कोणाला वाचता येत नव्हतं. तो तोंड उघडून, मान मागे टाकून, आवाज काढून हसायचा, आणि सगळ्यांना वाटायचं हा जांभई देतोय. पहिल्या आठवड्यात तेलवाल्याने त्याला तीनदा चहा आणून दिला, झोप उडावी म्हणून. हा फिटर मधल्या सुट्टीत नळाशी लेकीजवळ आला. कानातले बोळे काढून त्याने अगदी साधेपणाने विचारलं, "सात नंबरवाल्या काकांना कसला त्रास आहे? ते मधूनच थरथरतात."

"थरथरत नाहीत. हसतात."

"असं?" फिटरने ओंजळीतलं पाणी तसंच सोडून दिलं. "मग त्यांचे डोळे का हसत नाहीत?"

लेक त्याच्यावर चिडली. चार दिवस झाले आलेला, आणि आम्हाला आमचे खांदे शिकवतोय. पण त्या दुपारी वडिलांचे खांदे हलले तेव्हा तिने खांद्यांकडे बघायचं सोडून चेहऱ्याकडे बघितलं. तोंड हसत होतं. दात दिसत होते. डोळे मात्र तारेवर कुठेतरी रुतून बसले होते, डोक्यापर्यंत दोन खिळे ठोकावेत तसे. आणि डावा हात, जो एव्हाना तार सोडून मागे यायला हवा होता, तो तार आत ओढणाऱ्या रोलरच्या तोंडाशी तसाच पडून होता. दोन रोलर उलटसुलट फिरत होते. बोटं आणि रोलर यांच्यामधे वीतभर जागा असेल. भोवतालची माणसं खांदे हलवत होती. तिच्या स्वतःच्या खांद्यांनीही हलायला सुरुवात केली होती. तिने टेबलाची कड धरून ते थांबवले, तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं, की ती इतके दिवस कशाला हसत होती.

थोड्या वेळाने सात नंबरचा ट्रे तिच्यासमोर आला. वर सगळे सरळ, चकचकीत. खाली हात घातला तर एकाच जागी मूठभर वाकडे. वडिलांनी तार धरली नव्हती, तेवढ्या वेळातले. वाकडे खिळे वेचणं तर तिचं कामच. पण एका ट्रेत मूठभर निघाले तर फोरमनला दाखवायचे, हाही नियम होता. तिने इकडेतिकडे बघितलं आणि ते भंगाराच्या डब्याच्या तळाशी, इतरांच्या खाली सारले.

मग रोज ती तेच करत राहिली. कोणी तरी पोटच्या पोराची चोरी झाकावी तसे ती वडिलांचे वाकडे खिळे झाकत होती. मूठ वाढत चालली. एक मूठ, दीड मूठ, दोन्ही हातांची ओंजळ. वडिलांना यंत्रावरून काढलं तर ते काय करतील हे तिला माहीत होतं. बाजूच्या रांगेतला एक जण असाच काढला गेला होता, नजर गेली म्हणून. सहा महिने तो रोज सकाळी डबा घेऊन फाटकापर्यंत येई आणि परत जाई. सातव्या महिन्यात यायचा थांबला. आणि काढलं नाही तर काय होईल, हेही तिला वीस पावलांवरून रोज दिसत होतं. वीतभर जागेची चार बोटं झाली होती.

सुट्टीच्या दिवशी गुडघ्याचं निमित्त काढून तिने त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर वयस्क होते, घाई नसलेले. गुडघा बघून झाल्यावर लेकीने खरं काय ते सांगितलं. वडील भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत बसले, जणू बोलणं दुसऱ्याच कोणाबद्दल चाललंय. डॉक्टरांनी बरंच विचारलं. हसण्याआधी काही वास येतो का, पोटातून काही वर चढतं का, नंतर थकवा वाटतो का. आणि हसताना आवाज कसा येतो? तिथे कोणाचाच आवाज येत नाही, लेक म्हणाली. घरी कधी होत नाही, फक्त यंत्राशी. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाले, तो ठोकाच कदाचित ह्याला ओढून आणत असेल. हे हसू नव्हे, डोक्यातला झटका आहे, हसण्याचं सोंग घेऊन येतो. गोळ्या लिहून देतो, मोठ्या इस्पितळात तपासणी करून घ्या, आणि तोवर यंत्राजवळ उभं राहायचं नाही. एक दिवससुद्धा.

दुसऱ्या दिवशी वडील सात नंबरवर उभे होते. गोळ्यांची पट्टी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होती. एकही गोळी कमी झालेली नव्हती.

त्या संध्याकाळी परतताना बसथांब्याच्या बाकावर ते बुटाची नाडी बांधायला बसले आणि बसूनच राहिले. एक बस गेली, दुसरी गेली. लेकीने बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला.

"तू म्हणतेस ते मला कळतं," ते म्हणाले. "मी काही खुळा नाही. ते आलं की सगळं लांब जातं. यंत्र लांब, माणसं लांब. ठोका बंद पडतो, बघ. आणि मग ऐकू येतं."

"काय ऐकू येतं?"

"माझं हसू." ते तिच्याकडे न बघता बोलत होते. "आधीचं. ते फाटकापर्यंत जायचं ना, तेच. एवढं मोठं, मोकळं. तुझी आई त्याच्यावर भाळली होती. मला वाटायचं, मेलं ते कधीच. ते आत बसून होतं, गं. गोळी घेतली तर ते जाईल."

लेकीने एवढंच विचारलं, की हात कुठे असतो तेव्हा? त्यांनी स्वतःच्या डाव्या हाताकडे असं बघितलं, की जणू शेजारच्या माणसाने तो तिथे विसरून ठेवलाय. म्हणाले, "हात? हाताचं मला काही माहीत नाही." मग बस आली.

पुढचे आठ दिवस सात नंबरच्या यंत्राभोवती मोठा आनंद होता. भोंगा म्हातारपणी खुलला, असं सगळे म्हणायचे. लोक मुद्दाम त्यांच्या जवळून जायचे. दिवसातून दोनदा, तीनदा त्यांचे खांदे हलायचे आणि सगळी रांग हलायची. तेलवाला तेलाचा डबा खाली ठेवून, पोट धरून खांदा उडवायचा. लेकीने वजनकाट्यावरच्या बाईला ओठांनी, हातांनी सांगून बघितलं, की अगं, ते हसत नाहीत. बाईने ते वाचलं, आणि तिला तो विनोद वाटला. तिने खांदे कानांपर्यंत आवळले आणि सोडून दिले.

नवव्या दिवशी सकाळच्या ट्रेत वाकड्या खिळ्यांत एक खिळा तांबूस निघाला. लेकीने तो बोटाने पुसला. गंज नव्हता. तिने सात नंबरकडे बघितलं. वडिलांनी डाव्या हाताच्या करंगळीला चिंधी गुंडाळली होती आणि काहीच झालं नसल्यासारखे ते नव्या तारेचं टोक रोलरमधे सारत होते.

ती उठली. काम सोडून उठायचं नसतं, तरी उठली, आणि फोरमनच्या केबिनकडे चालायला लागली. ती वाट यंत्रांच्या रांगेच्या कडेने जाते, तीस-चाळीस पावलं. त्या तीस-चाळीस पावलांत तिने वडिलांची एकतीस वर्षं आपल्या हाताने मोडली, असं तिला वाटत होतं. पण पाय थांबले नाहीत.

फोरमनची केबिन जिन्यावर, काचेची. दार लावलं की ठोका निम्मा होतो आणि माणसाला आवाजाने बोलता येतं. फोरमन वाईट माणूस नव्हता. त्याने तिला बसायला सांगितलं. तिने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. वाकडे खिळे लपवले तेही, डॉक्टर काय म्हणाले तेही. फोरमन ऐकताना हसायला लागला. त्याचं हसू नाकातून यायचं, दोन-दोनच्या जोडीने, फुंकर मारल्यासारखं. त्या हसण्यात हेटाळणी नव्हती. वडिलांचा तो फार जुना सोबती होता, आणि आपल्या मित्राला उतारवयात सुख लाभलं, असंच तोही आठ दिवस समजत होता.

"अगं पोरी, हसतो म्हणून आजवर इथून कोणाला काढलं नाही," तो म्हणाला. "तुला बापाची फार काळजी, ते दिसतंय. पण आनंदाला रोग म्हणू नये. ते बघ. तो बघ कसा रंगलाय."

त्याने काचेतून बोट दाखवलं. खाली सात नंबरशी वडिलांचे खांदे हलत होते. तेलवाल्याचा खांदा उडत होता. काट्यावरची बाई, दोघी जावा, तारेची गुंडाळी ओढणारे दोघे, सगळे हलत होते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत माणसांचं रान डुलत होतं, आणि त्या रानात एकच माणूस निश्चल उभा होता, नवा फिटर, हातातला पाना तसाच धरून. वरून बघताना वडिलांचा हात दिसत नव्हता. यंत्राच्या पाठीआड होता.

केबिनच्या दाराशी लाल बटण आहे. आग लागली किंवा कोणी यंत्रात सापडलं तरच ते दाबायचं. फोरमनच्या नाकातलं हसू अजून संपलं नव्हतं तेव्हा लेकीने त्यावर तळहात मारला.

ठोका एकदम थांबत नाही. आधी अडखळतो, मग एकेक यंत्र धापा टाकत बंद पडतं. चाकं आपल्या वजनाने थोडी फिरतात आणि उभी राहतात. मग असं काही शांत झालं, की पत्र्यावर चाललेलं कबुतरसुद्धा ऐकू यायला लागलं. माणसांचे खांदे जिथल्या तिथे थिजले. एकेकाने कानातले बोळे काढले.

तेव्हा त्यांनी ते ऐकलं.

ते मोठं होतं. फाटकापर्यंत नक्की जात असणार. पण ते हसू नव्हतं. हसण्याला श्वास घ्यायला जागा असते, त्याला उतार असतो, चढ असतो, ते कोणाकडे तरी जातं. हे कोणाकडेच जात नव्हतं. एका मापाचे, एका लांबीचे तुकडे. ह, ह, ह, ह. तार घातली आणि तोडली, तार घातली आणि तोडली. यंत्रं बंद होती आणि वडिलांच्या छातीतलं एकोणतिसावं कुठलं तरी यंत्र अजून चालू होतं. तेलवाल्याच्या हातून डबा पडला. काट्यावरच्या बाईने दोन्ही कानांवर हात घेतले, एवढ्या वर्षांत बोळ्यांशिवाय कधी न झाकलेल्या कानांवर.

लेक जिना उतरली, पिवळी रेघ ओलांडली, सात नंबरच्या पाठीमागे गेली. हात रोलरमधे होता. फार नाही. दोन बोटं, पहिल्या पेरापर्यंत, आणि चिंधी ओढली जाऊन गुंडाळली गेली होती. आणखी चार ठोके पडले असते तर. फिटर आधीच गुडघ्यांवर बसून रोलर पान्याने उलटे फिरवत होता. वडिलांचं तोंड उघडं होतं आणि त्यातून ते तुकडे पडतच होते. मग कापल्यासारखे थांबले.

त्यांनी डोळे मिचकावले. आधी यंत्राकडे बघितलं, मग भोवती जमलेल्या माणसांकडे, मग हाताकडे, आणि शेवटी लेकीकडे. त्यांना सगळं कळायला किती वेळ लागला असेल? एक श्वास, दोन श्वास. राग आला नाही. त्यांच्या चेहऱ्यावर आला तो भलताच काहीतरी लोभ.

"यंत्रं बंद होती?" त्यांनी विचारलं. आवाज खरखरीत, वापरात नसल्यासारखा. "म्हणजे तुम्ही ऐकलंत?"

तेलवाला पडलेला डबा उचलायला वाकला.

"तू ऐकलंस?" ते लेकीला म्हणाले. "कसं होतं गं?"

सगळा कारखाना तिच्याकडे बघत होता. इतकी वर्षं जी माणसं एकमेकांच्या खांद्यांकडे बघून जगली, ती आज तिच्या ओठांकडे बघत होती. फोरमन जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभा होता, एक हात कठड्यावर. फिटरने वडिलांची बोटं सोडवून आपल्या रुमालात धरली होती आणि रुमाल हळूहळू भिजत होता.

"मोठं होतं, बाबा," लेक म्हणाली. "फार मोठं होतं."

वडिलांनी मान हलवली, समाधानाने. फोरमनने सात नंबर बंद करायची खूण केली, आणि तारेच्या गुंडाळीवरचे दोघे सात नंबरची तार कापायला पुढे आले. वडील ते बघत राहिले. तार कापली गेली, टोक जमिनीवर पडलं, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. हळू, दोन्ही एकदम. लेकीने त्यांना दंडाशी घट्ट धरलं. तिने चेहरा बघितला, डोळे बघितले, कान लावून ऐकलं. या वेळी आवाज नव्हता. भोवतीची सगळी माणसं ते खांदे बघत होती आणि आपापले खांदे ताठ धरून उभी होती, एकही जण हलला नाही, कारण हे काय आहे ते आता कोणालाच ओळखता येत नव्हतं.